चिंबोऱ्यांचं पान

आधी वही कशी आहे ते सांगून टाकू, म्हणजे पुढे घोळ नको. चाळीस पानी, निळ्या पुठ्ठ्याची, मागच्या बाजूला पाढे छापलेली. पहिल्या पानावर नाव-गाव. दुसऱ्या-तिसऱ्यावर जवळा. चौथं कोरं आहे, त्यावर एक पिवळा डाग आहे. पाचव्यावर बोंबील, सहाव्यावर भाकरी. सातवं पान नाही. होतं, आता नाही. आठव्यावर काय आहे ते शेवटी.

पान १

*कोळी पद्धतीचा स्वयंपाक. वर्ग: मंगळवार २० मे ते शुक्रवार २३ मे १९८६. स्थळ: कळवा. शिकवणार: सगुणाबाई. शिकणार: तीन.*

अक्षर सुहासिनीचं. सरळ, गोल, लग्नाआधी दहा वर्षं ग्रंथालयात कार्डं लिहून घोटलेलं. शिकणाऱ्या तिघांत एक ती स्वतः, वय पस्तीस. दुसरी जान्हवी, जिला घरात जनी म्हणतात, वय अकरा. तिसरा जनीचा भाऊ, त्याला सगळे भाऊच म्हणतात, वय सहा. दोन्ही मुलं सुहासिनीच्या नवऱ्याची, गुरुदत्तची. त्यांची आई मंजुळा दोन वर्षांपूर्वी जबलपूरला काविळीनं गेली. मंजुळा कळव्याच्या खाडीकाठची, कोळ्यांची मुलगी. सगुणाबाई म्हणजे तिची आई.

सुहासिनी डोंबिवलीची. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत ती मुलांना घेऊन माहेरी आली. गुरुदत्तला रजा नव्हती, किंवा त्यानं घेतली नव्हती. डोंबिवलीतली बाकीची मुलं सुट्टीत चित्रकलेच्या वर्गाला जात, पोहायला जात. सुहासिनीनं सगुणाबाईंना पत्र टाकलं की मुलांना आणि मला तुमच्याकडचा स्वयंपाक शिकायचा आहे, चार दिवस रोज येऊ.

हे झालं वरवरचं कारण. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, कळव्यालाही आणि डोंबिवलीलाही. मार्चमध्ये जनीनं वडिलांना जेवताना सांगितलं होतं, "मला आजीकडे राहायचंय. कायमचं." गुरुदत्तनं आमटी ओरपली आणि म्हणाला, "सुट्टीत जा, राहून बघ, मग सांग. तू म्हणशील तसं." रात्री तो सुहासिनीला म्हणाला, "तू बघ काय ते." सगुणाबाईंचंही कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. पोरगी राहते म्हणाली तर ठेवीन, शाळा जवळच आहे.

म्हणजे शुक्रवारी जनी सांगणार होती. शनिवारी कल्याणहून जबलपूरची गाडी. तिकिटं तीन.

तारखा सुहासिनीच्या आईनं, वासंतीबाईंनी, पंचांगात बघून काढल्या होत्या. "शुद्ध पक्षात जा. अमावास्येच्या आसपास कुणाच्या घरी काही सुरू करू नये. शुक्रवारी पौर्णिमा येतेय, तो शेवटचा दिवस धर. चांगला आहे."

सुहासिनीनं मान हलवली. तिला काय हवं होतं? जनी राहावी की यावी? हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं होतं, एकदा भांडी घासताना आणि एकदा गाडीत खांडव्याच्या आसपास. उत्तर आलं नाही. दार वाजवावं, आत दिवा दिसावा आणि तरी कुणी उघडू नये, तसं. मग तिनं तो नाद सोडला. मुलांचे कपडे मात्र तिनं निघतानाच दोन वेगळ्या पिशव्यांत भरले होते. जनीचे खाकी पिशवीत. पुढे हुडकाहुडक नको.

पान २ आणि ३

*सुका जवळा, कैरी घालून*
*साहित्य: जवळा \_\_\_\_\_\_. कांदे \_\_\_\_\_\_. मसाला \_\_\_\_\_\_. कैरी १.*

रिकाम्या जागा भरायच्या राहिलेल्या नाहीत. त्या तशाच आहेत.

"जवळा किती घ्यायचा?" सुहासिनीनं पेन उघडून विचारलं होतं.

"मानसं किती?" सगुणाबाई.

"चार धरा."

"मंग चार मानसांचा."

पडवीतल्या चुलीपाशी सगुणाबाई उकिडव्या बसल्या होत्या. नाकात नथ नाही, कपाळाला कुंकू मोठं, दंडावर गोंदलेलं. शेजारची मालू आली होती, कारण ठाण्याच्या बाजारातून ती परत आली की रोज इथे चहा प्यायला यायचीच. आज चहा पिऊन झाला तरी ती गेली नाही.

"बाय, ही शिकाला आयली?" मालू म्हणाली. "बामनीन? आनि खानार कोन?"

"मुलं खातील," सुहासिनी म्हणाली.

"आनि तू?"

"मी नाही खात."

मालूनं सगुणाबाईंकडे पाहिलं. सगुणाबाईंनी तव्यावरचा जवळा उलथला.

"चाखल्याबिगर शिकनार कशी गो?" त्या म्हणाल्या. रागानं नाही. आंधळ्यानं नाव वल्हवायला मागावी आणि कुणी नुसतं कशी ते विचारावं, तसं.

जवळ्याचा वास उठला. सुहासिनीनं वाट पाहिली. आपल्याला मळमळेल, बाहेर जावं लागेल असं धरून तिनं कनवटीला लवंग बांधून आणली होती. मळमळलं नाही. वास नाकात गेला, होता तसा राहिला. आपल्याला किळससुद्धा येत नाही, हे तिनं टिपून ठेवलं. वहीत नाही.

भाऊनं कैरीच्या फोडी मिठाला लावून अर्ध्या खाऊन टाकल्या. जनी आजीला चिकटून बसली होती. "आई यात लसूण ठेचून घालायची ना?" तिनं विचारलं.

"तुझी आयस मनात येल ते घालायची," सगुणाबाई म्हणाल्या. "लिव. लसून."

सुहासिनीचे हात कांद्यानं ओले होते. तेव्हा वही जनीनं घेतली आणि तिसऱ्या पानावर, मधूनच, जनीचं अक्षर सुरू होतं. टोकदार, उजवीकडे झुकलेलं. त्यानंतर वही जनीकडेच राहिली, तिच्या दप्तरात. सुहासिनीनं मागितली नाही.

जनी तिला काहीच म्हणत नसे. भाऊ आई म्हणायचा, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून, कुणी सांगितल्याशिवाय. जनी वाक्यं अशी जुळवायची की हाक मारायची वेळ येऊ नये. "भात झालाय का?" "दूधवाला आलाय." सव्वा वर्षात तिनं सुहासिनीकडे एकदाच काही मागितलं होतं. डिसेंबरात ताप चढला होता तेव्हा. डोळे मिटलेले, ओठ फुटलेले, आणि म्हणाली, "चिंबोरी दे ना. आईसारखी." जबलपूरला डिसेंबरात खेकडा कुठून आणायचा? सुहासिनीनं मीठ-साखरेचं पाणी दिलं. ताप उतरल्यावर जनीला काही आठवत नव्हतं, किंवा आठवत होतं.

पान ४

कोरं. डाग हळदीचा.

बुधवारी पान चारवर काहीतरी लिहायचं होतं, पण त्याच वेळी भाऊ खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतला, आणि मालू, सुहासिनी, जनी तिघी त्याला ओढायला धावल्या. मालूनं त्याला काखेत हात घालून उपटला. एक चप्पल चिखलात राहिली. घरी येऊन त्याच्यावर बादल्या ओतल्या तरी तो हसत होता. "परत जाऊ?"

"जा. आता डोकं वर ठेवून जा," मालू म्हणाली. "डोकं बुडलं तर मना हात लावाला काय रायनार नाय."

पान ५

*ओले बोंबील*
*१. डोकं, शेपूट कापायची.*
*२. पोट साफ करायचं.*
*३. मधोमध चिरून उघडायचे.*
*४. पाट्याखाली दाबून ठेवायचे, पाणी निघेपर्यंत. पाणी राहिलं तर तव्यावर मोडतात.*
*५.*

पाचवी पायरी लिहिलेली नाही. ती अशी होती. सगुणाबाईंनी बोंबलांवर फळी ठेवली, फळीवर पाटा ठेवला आणि म्हणाल्या, "आता बसा." मग चौघी-पाचजणी बसून राहिल्या. पाणी फळीखालून सुटत होतं, मोरीकडे सरकत होतं.  अर्धा तास गेला असेल. सुहासिनीला ते आवडलं, म्हणजे निदान त्रास झाला नाही. काही करायचं नाही, काही वाटायचं नाही, वजन आपलं काम करतंय.

"मंजू अशी बसायची नाय," सगुणाबाई अचानक म्हणाल्या. "पाटा उचलून बघायची, झाला का, झाला का. तिचं बोंबील सदा मोडायचं."

जनी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग तिनं सुहासिनीकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

संध्याकाळी डोंबिवलीला वासंतीबाईंनी तिघांना आधी मोरीत पाठवलं. "बेसन लाव हातांना. आणि साडी बादलीत टाक, पलंगावर बसू नको." बेसनानं वास गेला नाही. चिंचेच्या कोळानंही पुरता गेला नाही.

"राहणारे का पोरगी?" वासंतीबाईंनी हळूच विचारलं.

"शुक्रवारी सांगेल."

"आणि तुला काय वाटतं?"

"तिला वाटेल तसं."

"मी तुझं विचारलं, सुहास."

सुहासिनी हात पुसत राहिली. टॉवेल ओला झाला.

पान ६

*तांदळाची भाकरी. पाणी उकळवायचं, मीठ, मग पीठ घालून झाकायचं. गरम असताना मळायचं. हाताला चटका बसतो. बसू द्यायचा.*

अक्षर जनीचं. शेवटचं वाक्य सगुणाबाईंचं.

गुरुवार होता, गुरुवारी सगुणाबाईंच्या घरी मासळी शिजत नाही. म्हणून भाकरी. सुहासिनीला भाकरी येत होती, पण ही नाही. ही परातीत थापायची नव्हती, दोन तळहातांत पाणी लावून फिरवत, टाळ्या वाजवल्यासारखी वाढवायची होती. तिच्या भाकरीला कडेला भेगा पडत होत्या. जनीची दुसऱ्याच खेपेला गोल झाली.

"हाताला हाय तिच्या," मालू म्हणाली. "रगताचं हाय."

सुहासिनी म्हणाली, "हो."

दुपारी भाऊला झोप आली तेव्हा सुहासिनी त्याला घेऊन आत पडली. जनी बाहेर गेली, आजोबांपाशी. दामाजी, सगुणाबाईंचा नवरा, वडाच्या सावलीत जाळं विणत बसायचा; दिवसात दहा शब्द बोलायचा, तेही जाळ्याशी. सुहासिनीला जाग आली तेव्हा खिडकीतून ती दोघं दिसत होती. दामाजी बोटानं आभाळाकडे काहीतरी दाखवत होता, आणि जनी मांडीवर वही ठेवून लिहीत होती. सुहासिनी बाहेर आली तेव्हा जनीनं वही मिटली.

त्या संध्याकाळी, डोंबिवलीला जिन्यात, सुहासिनी म्हणाली, "उद्या शेवटचा दिवस. मी चिंबोऱ्या आणते. कल्याणच्या बाजारातून, सकाळीच. आजींना सांगू नकोस, एकदम घेऊन जाऊ."

का आणाव्यात, हे तिनं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं.

जनी वरच्या पायरीवर थांबली. तिनं मागे वळून बराच वेळ पाहिलं. जिन्यात उजेड कमी होता, तिचा चेहरा नीट दिसला नाही.

"चालेल," ती म्हणाली.

पान ७

नाही. म्हणून जे झालं ते इथेच सांगावं लागेल.

शुक्रवारी सकाळी सुहासिनी आयुष्यात पहिल्यांदा मच्छीबाजारात गेली. लुगड्याच्या ओच्यात पैसे खोचलेल्या बायका ओरडत होत्या, फरशी ओली होती. ती एकेका टोपलीपाशी थांबून "चिंबोऱ्या आहेत का" असं विचारत गेली, बँकेत चौकशी करावी तसं. शेवटी एकीकडे मिळाल्या. सहा. पाठी रुंद, हिरवट काळ्या, नांग्या सुतळीनं बांधलेल्या, डोळे इकडेतिकडे होत होते.

"जित्या हायत बाय, बग," बाई म्हणाली आणि एकीच्या पोटाला टिचकी मारली. तिनं पाय हलवले.

जिवंत आहेत, मोठ्या आहेत, म्हणजे चांगल्या. यापलीकडे काय बघायचं असतं हे सुहासिनीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिच्या घरी सात पिढ्यांत कुणाला माहीत नव्हतं. तिनं त्या ओल्या फडक्यात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवल्या. घरून निघताना दुसऱ्या हातात खाकी पिशवी घेतली, जनीच्या कपड्यांची. राहिली तर परत एक फेरी नको. डोंबिवलीहून मुलांना घेऊन निघताना जनीनं दोन्ही पिशव्या पाहिल्या. आधी कापडी, मग खाकी. 

पडवीत मालू होतीच. सुहासिनीनं फडकं सोडलं.

सगुणाबाईंनी वरची चिंबोरी उचलली, तळहातावर तोलली. दुसरी उचलली. अंगठ्यानं पोट दाबलं. पोट दबलं.

"कुठून आनलीस?"

"कल्याणहून. जिवंत आहेत."

"जिती हायत, ते खरं," सगुणाबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

मालूला थांबणं जमलं नाही. "अगो, पुनव हाय आज," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं, तिनं पदर तोंडाला लावला तरी थांबेना. "पुनवेची चिंबोरी घेऊन आयली! बामनीन मुहूर्त बगून आयली गो. ह्यांच्यात मांस नाय बाय, पानी हाय पानी. चांदनं वाढलं का चिंबोरी पोकल. अवसेला बग कशी भरते, फोडली का लाल लाल गाबोली. तुमची अवस वायट, आनि आमची चिंबोरी तवाच खायाची."

सगुणाबाईंनी एक फोडली. पाठीचं कवच निघालं. आत पिवळट पाणी होतं, ते हातावरून ओघळलं. दोन पांढरे धागे. एवढंच.

मालू डोळे पुसत होती. "सहा खाल्ली तरी एका मानसाचं पोट भराचं नाय."

सुहासिनी उभी होती. लाज वाटायला हवी होती. आई म्हणाली होती पौर्णिमा चांगली. आई तिच्या ठिकाणी बरोबर होती. तिनं लाज शोधली, सापडली नाही. पाण्याचा तो ओघळ मात्र तिला नीट दिसत होता, कोपरापर्यंत.

"आनलीत तर टाकाची नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "बारीक पाय तोडून पाट्यावर वाटू, पानी गालून घेऊ. रस्सा होईल. लिवून घे तू. हेबी लिवून घे, पोकल आयली तर काय कराचं."

काहीतरी हातात असावं म्हणून सुहासिनीनं जनीच्या दप्तरातून वही काढली. सहावं पान, भाकरी. उलटलं. सातव्यावर लिहिलेलं होतं. टोकदार, झुकलेलं अक्षर.

*गुरुवार. आजोबांनी सांगितलं. चिंबोरी अवसेला भरलेली असते. पुनवेला पोकळ. पुनवेला आणायची नाही.*

तिनं ते एकदा वाचलं. मग वर पाहिलं. जनी भिंतीला टेकून उभी होती. तिचे हात पाठीमागे होते. तिनं नजर काढून घेतली नाही, आणि तिचा चेहरा जिन्यातल्यासारखाच होता, फक्त आता उजेड होता.

म्हणजे जिन्यात तिला माहीत होतं.

"भाऊ, इकडं ये रे," मालू म्हणाली. "वाच रे, तुझ्या आयशीनं काय काय लिवलंय. पुनवेचं लिवलंय का नाय? नसंल तर लिवाला सांग."

भाऊला नुकतं वाचता येऊ लागलं होतं आणि दिसेल ते वाचायची हौस होती. तो आला. त्यानं वहीला हात घातला.

"चूल विझत आलीय," सुहासिनी म्हणाली.

विझत नव्हती. तिनं सातवं पान धरलं आणि फाडलं. शिवणीपासून, सरळ, आवाज झाला. दोनदा दुमडलं आणि चुलीत सरपणाच्या खाली सरकवलं. कागद आधी तपकिरी झाला, मग त्याच्या कडा वळल्या. मग तिनं वही भाऊला दिली.

"तां-द-ळा-ची," भाऊनं वाचायला घेतलं.

"एवढा चांगला कागद," सगुणाबाई म्हणाल्या. "गवऱ्या होत्या ना."

सुहासिनीनं जनीकडे पाहिलं नाही. असं का केलं ते कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. माया आली म्हणावं तर तसं काही आलेलं नव्हतं. हात पुढे झाला, चुलीवरचं उतू जाताना होतो तसा.

वर्ग सुरू राहिला. सगुणाबाईंनी सुतळ्या कापल्या, नांग्या मोडल्या. बारीक पाय जनीनं पाट्यावर घेतले आणि वरवंट्यानं ठेचले. आवाज दूरवर गेला असेल. ती जोर लावून वाटत होती, केस तोंडावर आले तरी बाजूला करत नव्हती. ठेचलेल्यात पाणी घालून फडक्यातून पिळलं. करड्या रंगाचं पाणी निघालं, त्यात मसाला, कोकमाचं आगळ, ठेचलेला लसूण. उकळी आली तेव्हा रंग चढला. कवचंही सोडली, शोभेला.

ताटं मांडली. मालूनंही मांडून घेतलं. सुहासिनी वाढायला उभी राहिली, रोजच्यासारखी.

"एक ताट कमी हाय," सगुणाबाई म्हणाल्या.

सुहासिनीनं वाटी घेतली. पळीभर रस्सा घेतला आणि उभ्या उभ्या प्यायला. तिखट कळलं. गरम कळलं. चव कळली नाही. सगळे बघत होते, म्हणून तिनं आणखी एक घोट घेतला.

"कसा झालाय?" मालू.

"तिखट."

"मंग झाला," मालू म्हणाली आणि पुढे तिला काही चिडवलं नाही.

जनीनं तीन वेळा रस्सा घेतला. भाकरी मोडून, वाटी कलती करून. जेवण झालं, हात धुतले. सगुणाबाईंनी पान लावलं, ते तोंडात टाकलं, आणि मग म्हणाल्या, "हां. बोल गो जने. काय तुझं?"

जनी म्हणाली, "मी राहते."

आवाज मोठा नव्हता, लहानही नव्हता. तिनं हे फार आधी ठरवलं असावं. मार्चमध्ये, किंवा त्याच्याही आधी. त्यातलं काही आज बदललं नव्हतं. कुणी बदलावं म्हणून केलंही नव्हतं.

"बरं," सुहासिनी म्हणाली. दोन्ही उत्तरांसाठी तिनं तोच शब्द काढून ठेवला होता.

भाऊनं विचारलं, "मग गाडीत खिडकी माझी?"

"तुझी."

"जाताना पूर्ण?"

"पूर्ण."

तो जनीकडे सरकला. मग जनीच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला आणि नखांनी तिच्या फ्रॉकचं बटण काढू लागला. तिनं काढू दिलं.

सुहासिनीनं खाकी पिशवी दारातून आणून ठेवली. "शाळेचा दाखला बाबा पोस्टानं पाठवतील. हिवाळी स्वेटर वर ठेवलाय, इथे लागणार नाही कदाचित. औषधाची बाटली खाली आहे."

सगुणाबाईंनी पिशवी उचलून आत नेली. वजन होतं तिला. "सगलं आनलंस," त्या म्हणाल्या. विचारत होत्या की नुसत्या म्हणत होत्या, कळलं नाही.

निघताना जनी कोपऱ्यापर्यंत आली. हातात दप्तर होतं. भाऊनं तिच्याकडची पट्टी मागून घेतली, तिनं दिली. वही तिनं सुहासिनीच्या पिशवीत टाकली, स्वतःच, चेन लावून. "भाऊला करून द्यायला लागेल," ती म्हणाली.

पान ८

शनिवारी गाडी कल्याणहून सुटली. तिसऱ्या तिकिटाच्या जागेवर एका गृहस्थानं हळूच आपली पेटी ठेवली आणि मग स्वतः बसला. सुहासिनीनं हरकत घेतली नाही. भाऊ खिडकीत होता. कसाऱ्याच्या पुढे बोगदे सुरू झाले तसे तो मोजू लागला आणि दर बोगद्यात गप्प झाला.

सुहासिनीच्या हातांना अजून वास होता. चिंच, बेसन, साबण, सगळं झालं होतं. डबा काढताना तिच्या हाताला वही लागली. रस्स्याचं काही लिहायचं राहून गेलंय, हे तिला आठवलं. भाऊनं डाळ-भात टाकला तर रस्सा करता यायला हवा होता. चिंबोऱ्यांचा नाही, नुसता मसाल्याचा. तिनं वही उघडली.

भाकरी. मग फाटलेल्या पानाची दातेरी कड. मग आठवं पान, आणि त्यावर तेच अक्षर.

*चिंबोरी अवसेला आणायची. पुनवेची पोकळ असते.*
*हे मला गुरुवारी माहीत होतं.*
*पोकळ आली तर: बारीक पाय वाटून पाणी गाळून घ्यायचं. आगळ. लसूण सात पाकळ्या.*
*दिवाळीतही अवस असते. ती चालते ना तुमच्यात? तेव्हा आणली तर आजी भरलेली करून दाखवेल.*

खाली सही नाही. एक रस्स्याचा थेंब आहे, लाल, वाळलेला. म्हणजे जेवणानंतर लिहिलं. सगळे पान खात होते तेव्हा, किंवा सुहासिनी पिशवी आणायला दारात गेली तेव्हा.

"काय लिहिलंय ताईनं?" भाऊनं विचारलं.

"चिंबोऱ्यांचं."

"वाच."

तिनं वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका आवाजात, ग्रंथालयात नियम वाचून दाखवावेत तसं. दुसरी ओळही वाचली. भाऊला तिच्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला लसणाच्या सात पाकळ्या जास्त वाटल्या.

बोगदा आला. अंधारात तिनं वही मांडीवर तशीच उघडी ठेवली. काहीतरी वाटेल म्हणून नाही; मिटायला दिसत नव्हतं. उजेड आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की पंचांग डोंबिवलीला आईच्या कपाटावर आहे. जबलपूरला घरी भिंतीवर कॅलेंडर होतं, पण जबलपूर उद्या.

ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली. येती वैशाखाची. मग ज्येष्ठ. आषाढ.

"काय मोजतेस?" भाऊ म्हणाला. "बोगदे मी मोजतोय."

"अवसा," ती म्हणाली.

श्रावण. भाद्रपद. आश्विनाची ती दिवाळीची. सहा झाल्या. ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली, बरोबर आहेत ना बघायला.